खेकड्यांशी कुस्ती

जालन्याच्या मस्तगडातल्या बद्रीनाथ वस्तादांनी आयुष्यात व्हिडिओ गेम नावाची वस्तू पाहिली नव्हती, आणि तरी त्या वर्षी गणपतीत तिच्या स्पर्धेचे पंच म्हणून त्यांनाच नेमलं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पंच म्हटलं की बद्रीनाथ, हे गल्लीत इतकं ठरून गेलं होतं की रांगोळीच्या स्पर्धेलाही त्यांनाच बोलावत. ते रांगोळीभोवती दोन चकरा मारत आणि जिची रेघ कुठं तुटलेली नाही तिला पहिला नंबर देत. आजवर त्यावर तक्रार आली नव्हती.

त्यांचं खरं पंचपण मात्र मातीतलं. बदनापूरच्या पुढं त्यांचं गाव. तिथं चैत्रात जत्रा भरते आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. गुडघा गेला तेव्हा वस्तादांनी लढणं सोडलं, आणि तेव्हापासून फडाचे पंच तेच. सकाळी गावकरी हलगी वाजवत त्यांच्या पुतण्याच्या दारात यायचे, देवळापुढं नेऊन त्यांच्या डोक्याला केशरी फेटा बांधायचे, आणि मग दिवस मावळेपर्यंत मातीत त्यांचा शब्द. वर्षातले बाकीचे दिवस ते जालन्यात बियाण्याच्या एका गोदामावर राखणीला असत. गोण्यांना कुणाचा शब्द लागत नाही. त्यांची बायको सोनूबाई म्हणायची, या माणसाचं वरीस एकाच दिवसाचं असतंय, बाकी नुसती वाट बघणं.

स्पर्धेचं सांगायला रामराव आले होते. रामराव त्यांच्याच गावचे, मस्तगडात खता-बियाण्याचं दुकान. गणेश मंडळाचे अध्यक्ष तेच आणि गावच्या जत्रा कमिटीचेही तेच. कमिटीत बाकीचेही लोक होते, पण ते माना डोलवायला.

"पोरायची हौस हाय वस्ताद," रामराव म्हणाले. "आपला वसंताबी खेळून राह्यला. तुमी फक्त बसायचं आन शेवटी सांगायचं कोण जिंकलं ते."

"त्यात काय, सांगू."

रामराव उठता उठता पुन्हा बसले. "अजून एक. यंदा जत्रेच्या कमिटीत पोरं लई कुरकुर करून राह्यलेत. म्हणतेत, बदनापूरचा कचरू मास्तर आणा पंच म्हणून. त्याच्यापाशी शिट्टी हाय, सर्टिफिकेट हाय. मी म्हणलं, वस्ताद असताना बिलकुल न्हाई. तवा हे गणपतीचं तेवढं बराबर होऊ द्या."

वस्तादांनी मान हलवली. वसंता हा रामरावांचा मुलगा, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ते कुणी बोललं नाही.

पंचाला खेळ माहीत असावा, एवढं वस्ताद मानत. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ते बेबीनंदाकडं गेले.

बेबीनंदाच्या पुढच्या खोलीत दोन टीव्ही होते, दोन्ही टीव्हींना गेम जोडलेले, आणि कोपऱ्यात शिलाई मशीन. शाळा सुटली की खोली पोरांची, त्याआधी साड्यांची. साड्यांना फॉल लावायला तातेरावाची सत्यशीला यायची. तातेराव एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होता. सत्यशीलाची बारावी झाली होती आणि पुढचं अजून ठरत नव्हतं, तोवर ती फॉल लावत होती.

बेबीनंदानं वस्तादांना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या हातात बटणांची पट्टी दिली. पडद्यावर लाल चड्डी घातलेला एक बुटका गडी उभा होता.

"लंगोट हाय," वस्ताद म्हणाले. त्यांना बरं वाटलं. "नाव काय याचं?"

"त्याला नाव न्हाई काका."

"बिगरनावाचा पैलवान मी फडात उतरू देत न्हाई."

"मंग तुमीच ठेवा."

वस्तादांनी विचार केला. "भिवा म्हणा."

त्या दिवसापासून मस्तगडात सगळे त्याला भिवाच म्हणायला लागले.

"आन समोरून येतो तो कोण?"

"तो खेकडा. दुश्मन."

"खेकडा सरळ कामून चालतो?"

"गेममधी चालतो काका."

वस्तादांनी ही गोष्ट मनात बाजूला ठेवली आणि भिवाला पुढं नेलं. खेकडा जवळ आला. वस्तादांनी पट्टी मांडीवर ठेवली, दोन्ही हात मोकळे केले आणि शड्डू ठोकला. खोली दणाणली. पडद्यावरचा भिवा दोन वेळा उडाला आणि खाली पडून नाहीसा झाला.

"काय झालं?"

"मेला."

"शड्डू ठोकायच्या आत?"

"तो थांबत न्हाई काका शड्डूसाठी."

दुसऱ्या खेपेला वस्तादांनी शड्डू ठोकला नाही. फक्त सलामीपुरता भिवाला खेकड्यापुढं उभा केला. कुस्तीच्या आधी हाताला हात लावायचा असतो, एवढी रीत कुठंही पाळतात असं त्यांना वाटत होतं. भिवा पुन्हा मेला. तिसऱ्या खेपेला मशीनवरून, दातात दोरा धरलेली सत्यशीला बोलली.

"काका, एक तर त्याच्या डोक्यावर उडी हाणा, न्हाई तर वरून निघून जा."

"डोक्यावर पाय?"

"हो, मरतो तो."

"डोक्यावर पाय देणं कुस्तीत बसत न्हाई."

"मंग वरून जा."

"पाठ दाखवून?"

"पाठ कशाला, तोंड पुढंच राह्यतंय."

वस्तादांनी पट्टी तिच्याकडं दिली. "दाखव बरं."

सत्यशीलानं दोरा तोडला, साडी घडी करून ठेवली आणि खाली बसली. तिचा भिवा पळत सुटला. खेकडा आला की तो वरून जायचा, दुसरा आला की भिंतीवर चढायचा, तिसरा आला की जरा थांबून त्याला जाऊ द्यायचा. कुणाला पाय लावला नाही, कुणाच्या वाटेत आला नाही. वस्ताद बघत राहिले. फडात अशा पैलवानाला ते आधी हटकत, मग पुन्हा हटकत आणि मग हाताला धरून बाहेर काढत.

"तू तर एकालाबी भिडत न्हाईस गं."

"मला किल्ला बघायचा असतोय काका. सगळ्यात शेवटी एक किल्ला हाय. एकेकाला मारत बसलं तर तोवर गिऱ्हाईक येतंय."

"काय हाय किल्ल्यात?"

"कुणाला ठाऊक. एकदा दारापाशी गेल्ते, तवर दुर्गाबाई पैठणी घेऊन आल्या. म्हणे लगीन उद्यावर आलंय. उठले मंग."

शाळा सुटली आणि पोरं आली. त्यांच्यात मिशी फुटलेला वसंताही होता. त्याला बघून लहान पोरांनी टीव्हीपुढची जागा सोडली. वसंता खेळायला बसला की अंगानं खेळायचा, खांदे हलवायचा, शिव्या घालायचा. त्याचा भिवा एकही खेकडा सोडत नव्हता. एखादा मागं राहिला तर परत जाऊन त्याला मारायचा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आकडा वाढत जायचा आणि पोरं ओरडायची. वस्तादांना हे बघून हायसं वाटलं. हे ओळखीचं होतं.

घरी येऊन ते सोनूबाईला म्हणाले, "सोपं हाय. एक लढतो, एक पळती."

"मंग लढणाऱ्याला देऊन टाका."

"तेच तर."

"मंग तोंड असं कामून केलंय?"

वस्तादांनी चपला कोपऱ्यात सरकवल्या. त्यांना खेकडा खुपत होता. पंचाचं पहिलं काम जोड लावणं. कुणासमोर कोण उभा करायचा, हे त्याच्या मानेवरून आणि पायांवरून ओळखायचं असतं. भिवाचे पाय त्यांनी बघितले होते. खेकड्याचे नीट बघायचे राहिले होते.

म्हणून दुसऱ्या दुपारी ते पुन्हा गेले. पट्टी हातात घेतली, बऱ्याच खटपटीनं भिवाला एका उंच भिंतीवर चढवला आणि तिथं सोडून दिला. मग हात मांडीवर ठेवून बसले. खाली खेकडे येत होते, जात होते.

"काका, खेळा की," बेबीनंदा म्हणाली.

"खेळूनच राह्यलो."

"तुमी तर नुसते बसलात."

"जोड बघून राह्यलो."

बेबीनंदानं सत्यशीलाकडं बघितलं. सत्यशीलानं फॉलमध्ये तोंड लपवलं. वस्ताद वेळ संपून भिवा आपोआप मरेपर्यंत बसले, मग दुसरा भिवा घेऊन तोही भिंतीवर चढवला. पोरं येईपर्यंत त्यांनी असे सगळे भिवे घालवले. जाताना ते म्हणाले, "बरं," आणि चपला घालून निघाले.

स्पर्धा रविवारी दुपारी मंडपात झाली. बेबीनंदाचे दोन्ही टीव्ही गणपतीपुढं मांडले होते, एकावर खेळ आणि दुसरा, पहिला बंद पडला तर म्हणून. बक्षिसाचं स्टीलचं पिंप मधोमध, आणि पिंपाशेजारी खुर्चीवर वस्ताद. माईक रामरावांकडं होता. पत्रकावर 'भव्य व्हिडिओ गेम स्पर्धा' असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, पण जिंकायचं कशावर, हे छापायला कुणाला सुचलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बाकीची पोरं लवकरच गळाली आणि शेवटी दोघं उरली. सत्यशीलाचं नाव बेबीनंदानं घातलं होतं. तातेराव पाळी संपवून तसाच आला होता, मंडपाच्या कडेला खांबाला टेकून उभा होता.

आधी वसंता बसला. त्यानं सपाटा लावला. खेकडे, घुबडं, काटेवाले साप, समोर येईल ते आडवं. आकडा एवढा वाढला की पोरांना तो वाचता येईना. पण किल्ल्याच्या अलीकडं एक खेकडा त्याच्या मागं राहिला. वसंता पुढं गेला, थांबला, आणि त्याच्यासाठी परत फिरला. फिरताना पायाखालचा खड्डा त्याला दिसला नाही. भिवा खड्ड्यात गेला. तो त्याचा शेवटचा भिवा होता. तरी टाळ्या पडल्या. रामराव माईकवर म्हणाले, "असा आकडा जालना जिल्ह्यात झालेला न्हाई." ते त्यांनी कुठून काढलं, हे कुणी विचारलं नाही.

मग सत्यशीला बसली. तिचा भिवा नेहमीसारखा निघाला, वरून, बाजूनं, थांबून. थोड्या वेळानं मागून एकानं आवाज टाकला, "पळपुटी!" मग दुसरा, "भीड की एखाद्याला!" मग सगळीच पोरं ताल धरून भीड, भीड म्हणायला लागली. वस्तादांचा उजवा हात सवयीनं वर गेला. पळणाऱ्या पैलवानाला हटकायचा तो हात होता. रामरावांनी तो बघितला आणि ते हसले. वस्तादांनी हात वरच ठेवून जरा विचार केला आणि मग त्याच हातानं मान खाजवली.

सत्यशीला किल्ल्याच्या दारापाशी पोचली. दार उघडलं. आत एक झेंडा होता आणि इंग्रजीत अभिनंदन लिहिलेलं होतं. बाकी काही नव्हतं.

"एवढंच?" सत्यशीला म्हणाली. मग ती ओढणी नीट करून उठली. तिचा आकडा वसंताच्या आकड्यापुढं अगदीच किरकोळ होता.

आता मंडपात दोन पक्ष झाले. रामराव म्हणाले, आकडा बघा. बेबीनंदा म्हणाली, किल्ला बघा, आकडा तर माझ्या वीजबिलावरबी असतोय. पोरं ओरडायला लागली. कुणीतरी पिंप वाजवलं. शेवटी सगळे वस्तादांकडं वळले आणि रामरावांनी, अगदी खात्रीनं, माईक त्यांच्या हातात दिला.

वस्ताद उभे राहिले. माईकवर बोलायची त्यांना सवय नव्हती. फडात ते विनामाईकचे बोलत आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाई. इथंही ते तसंच बोलले, त्यामुळं भोंगा फाटल्यासारखा वाजला.

"मी खेकडा बघितला," ते म्हणाले. "दोन दिस बघितला. तो भांडायला आलेला न्हाई."

कुणाला काही समजलं नाही.

"भांडायला आलेला माणूस थांबतो, तुमच्याकडं बघतो, पाय रोवतो. हा थांबत न्हाई. भिवाकडं बघतबी न्हाई. भिवा भिंतीवर बसला तर हा खालून आपला निघून जातो. पुढं खड्डा आला तर खड्ड्यात पडतो. तो त्याच्या कामाला चाललाय. काय काम हाय ते मला ठाऊक न्हाई."

"अहो वस्ताद, लागला तर जीव घेतो तो!" रामराव म्हणाले.

"भट्टीबी घेती. हा तातेराव हितं उभा हाय, विचारा त्याला. तातेराव, भट्टीशी कुस्ती करतोस का?"

"न्हाई बा," खांबापासून तातेराव म्हणाला. "बाजूनं जातो."

"जो लढायला आला त्याच्याशी कुस्ती. त्याला सोडून पळालं तर मी बाहेर काढतो, आजवर काढत आलो. पण रस्त्यानं चाललेल्याच्या डोक्यावर मागून पाय देणं, ह्याला मी डाव म्हणत न्हाई. वसंतानं जेवढे मारले, ते सगळे रस्त्यानं चालले होते. तवा तो आकडा बाद. राह्यला किल्ला. किल्ला पोरीनं घेतला. निकाल झाला."

आणि ते खाली बसले. वसंता म्हणाला, "आयला, मी तर खुनीच निघालो." एवढं बोलून तोच सगळ्यात आधी हसला. त्याच्या वडलांना मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामराव वस्तादांच्या घरी आले. सोनूबाईनं चहा ठेवला.

"वस्ताद, झालं ते झालं," रामराव म्हणाले. "विसर्जनाच्या आधी एकदा माईकवर या. म्हणा, बराबरीत सोडवली. वसंतालाबी एक पिंप देऊ, माझ्या खर्चानं."

"निकाली झाल्ती."

"कशाची निकाली? तुमीच म्हणले ती कुस्ती नव्हती."

वस्तादांनी यावर विचार केला. "बराबर हाय तुमचं."

"मंग?"

"मंग निकाल तोच."

रामरावांनी बशी खाली ठेवली. "लोक काय म्हणून राह्यलेत ठाऊक हाय का? म्हणतेत, वस्तादनं आपल्या गावचं पोरगं पाडलं आन त्या..."

"त्या काय?"

"काही न्हाई."

"वाक्य पुरं करा अध्यक्ष."

रामरावांनी बशी पुन्हा उचलली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. "चहा गोड झालाय वहिनी," ते म्हणाले. मग उठून चपलेत पाय घालताना, पाठमोरेच बोलले, "जत्रेला कचरू मास्तरला सांगतो मंग."

"सांगा."

ते गेल्यावर सोनूबाई कपबशा उचलायला आली. "एवढं काय होतं त्या खेकड्यात?"

"काही न्हाई."

"म्हंजे काहीच नसलेल्यापायी फेटा घालवलात."

"हां."

सोनूबाईनं बशीतली माशी हाकलली आणि आत गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. वस्तादांनी मागितलं नाही.

हिवाळा गेला. संक्रांत गेली, होळी गेली. गावाकडून कुणी आलं की वस्ताद जत्रेची चौकशी करत नसत, पण तो माणूस निघेपर्यंत दारात उभे राहत. कुणी काही निरोप आणला नाही. चैत्र लागला तेव्हा त्यांनी गोदामावरून सुट्टी मागितली. मालकानं विचारलंही नाही कशासाठी. दरवर्षीचंच होतं ते.

"कशाला जाता?" सोनूबाई म्हणाली. "कुणी बोलावलंय?"

"बघायला चाललो."

"आजवर कधी गेल्ते का बघायला?"

"म्हणूनच."

निघताना गल्लीच्या तोंडाशी तातेराव भेटला. कुठं चाललात, म्हणाला. फडाला, वस्ताद म्हणाले. तातेराव म्हणाला, माझी आज सुट्टी हाय, मीबी येतो. त्यानं याआधी तो फड कधी पाहिला नव्हता. बदनापूरपर्यंत दोघं रेल्वेनं गेले, पुढं टेंपोनं.

फडावर पोचल्यावर वस्तादांना अडचण आली ती बसायची. आजवर ते मातीत उभे असत. बघणाऱ्यांनी कुठं बसायचं असतं, ऊन कोणत्या बाजूनं येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तातेरावानं एका बांधावर जागा धरली आणि शेंगा घेतल्या. समोर हलगी वाजत होती. मातीत कचरू मास्तर उभे होते, गळ्यात शिट्टी, डोक्याला केशरी फेटा. वय फार नव्हतं.

वस्तादांनी मास्तरांची चूक शोधायला सुरुवात केली. पांढरे बूट घालून माती तुडवतील असं त्यांना वाटलं होतं, पण मास्तरांनी बूट कडेला काढून ठेवले आणि माती कपाळाला लावली. नुसत्या नारळाच्या बक्षिसावर लावतात त्या बारक्या कुस्त्यांना पोरांच्या जोड्या चुकतील असं वाटलं, पण मास्तरांनी प्रत्येकाचे खांदे दाबून बघितले आणि मगच हाताला हात दिला. शिट्टी जास्त वाजवतील असंही वाटलं. मास्तर ती क्वचितच वाजवत. वस्ताद दुपारभर डोळे ताणून बघत राहिले. एक चूक मिळाली असती तर त्यांना घरी जाऊन जेवण गेलं असतं.

"काही सापडलं का?" तातेरावानं विचारलं.

"काय सापडायचं?"

"न्हाई, तुमी सुई हरवल्यासारखं बघून राह्यलात म्हणून म्हणलं."

शेवटची कुस्ती गावच्या पैलवानाची, परभणीकडच्या एका पैलवानाशी. बराच वेळ दोघं एकमेकांच्या मानेवर रेलून राहिले. मग एकदम खाली गेले, माती उडाली, वर-खाली झालं, आणि क्षणभर गावचा पैलवान खाली होता. मास्तर गुडघ्यावर बसून जमिनीला गाल लावून बघत होते. पुढच्याच क्षणी गावचा पैलवान उसळून वर आला आणि त्यानं परभणीवाल्याला दाबून धरलं. लोकांनी टोप्या उडवल्या. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि परभणीवाल्याचा हात वर केला.

फड उठला. माणसं दोऱ्या ओलांडून मातीत आली. चीत व्हायला दोन्ही खांदे टेकावे लागतात, इथं एकच टेकला होता, म्हणे. नाही, एकही टेकला नव्हता. मास्तरला काय दिसतंय, पुस्तकातला पंच! मास्तर ठाम होते, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. रामराव मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी लोकांना खाली बसवत होते आणि कुणी बसत नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आरं, वस्ताद हायेत की तिथं बांधावर! त्यायनाच विचारा!"

सगळा फड बांधाकडं वळला. रामरावही वळले. त्यांनी वस्तादांना आत्ताच बघितलं असावं. ते गर्दीतून वाट काढत बांधापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वस्ताद, एक खांदा म्हणा. एवढं म्हणा. फेटा आत्ता उतरवतो त्याचा."

वस्ताद उठले. गुडघ्यानं वेळ घेतला. मातीत कचरू मास्तर त्यांच्याकडं बघत होते. शिट्टी तोंडात होती, पण ती काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. गावच्या पैलवानाच्या पाठीला दोन्ही बाजूंना माती लागली होती, पण माती तर सगळ्यांच्याच पाठीला लागते. वस्तादांनी जे बघितलं होतं ते तो उसळून वर यायच्या आधीचं. दोन्ही खांदे टेकले होते. पापणी लवायच्या आत टेकले आणि सुटले. बघणाऱ्यांच्या एवढ्या गर्दीत ते दोघांनाच दिसलं असणार, एक मास्तरांना आणि एक त्यांना.

हलगीवाल्यानं काठ्या खाली घेतल्या.

"मास्तरचा निकाल बराबर हाय," वस्ताद म्हणाले.

विनामाईकचं बोलले, तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

रामराव बांधापासून वळले. मग परत गर्दीत गेले. मागून एकानं शिवी दिली, कुणाला ते स्पष्ट नव्हतं. नारळाची एक करवंटी बांधावर येऊन पडली. पण निकालावर पुन्हा कुणी बोललं नाही. लोकांनी परभणीवाल्याला खांद्यावर घेतलं नाही, मात्र वाट दिली. हलगी पुन्हा सुरू झाली.

वस्ताद खाली बसले. तातेरावानं सरकून जागा केली आणि उरलेल्या शेंगा त्यांच्या पुढ्यात ओतल्या. दोघं थोडा वेळ शेंगा फोडत राहिले. समोर मास्तर परभणीवाल्याला नारळ देत होते. वाकले तेव्हा त्यांचा फेटा कपाळावर घसरला. त्यांनी तो एका हातानं सावरला, तो पुन्हा घसरला.

"शेवटी काहीच सापडलं न्हाई म्हणा की," तातेराव म्हणाला.

"फेटा सैल हाय."

"ती मास्तरची चूक व्हय?"

वस्तादांनी हातातली शेंग फोडली, दाणे काढले आणि टरफल बांधाच्या पलीकडं टाकलं. त्यांनी बराच वेळ मास्तरांच्या डोक्याकडं बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "बांधणाऱ्याची."